साडूंचा भरतीचा कागद

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस डहाणू तालुक्यात नाही. तलासरीचं मी खात्रीनं सांगू शकतो, कारण तिथं मी राहतो आणि तिथली बहुतेक काळजी करणारी माणसं माझ्या वर्गातल्या मुलांचे पालकच आहेत. समुद्र खवळला की किनाऱ्यावरचा कुणीही काळजी करतो, त्यात काही विशेष नाही. आमचे साडू समुद्र शांत असला की काळजी करतात. इतका शांत आहे म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणार, असं त्यांचं म्हणणं. माझी बायको आणि त्यांची बायको या वाढवणच्या एका मच्छीमार घरातल्या सख्ख्या बहिणी. थोरली माझ्या वाट्याला आली म्हणून मी थोरला साडू, आणि ते मला 'भाऊ' म्हणतात. बाकी अनुभव, वजन आणि रक्तदाब या सगळ्यात थोरले तेच आहेत.

साडू राहतात डहाणूजवळच्या सरावलीला आणि नोकरी करतात फुग्यांच्या कारखान्यात. तयार झालेल्या मालातला मूठभर उचलायचा, एकेक फुगवून बघायचा, फुटतो का, गळतो का, हे त्यांचं काम. दिवसभर फुगा फुटायची वाट बघत बसणाऱ्या माणसानं घरी येऊन काहीतरी गोड, निवांत छंद करावा की नाही? यांनी छंदही तसलाच शोधला. कंप्युटर चालवणारी लिनक्स म्हणून एक व्यवस्था आहे. ती फुकट मिळते, आणि ज्याला कळतं त्याला ती आतून उघडून बघता येते. तिच्यावर चालणारे नाना प्रोग्रॅम जगभरची माणसं हौसेनं लिहीत असतात. पण लिहिलेला प्रोग्रॅम आणि लोकांच्या कंप्युटरवर बसणारा प्रोग्रॅम यांत बरंच अंतर असतं. मधलं काम साडू करतात. ताजा, अर्धाकच्चा प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा, त्याला काय काय लागतं ते गोळा करायचं, सगळ्याचं एक नीट पॅकेज बांधायचं, स्वतःच्या मशिनवर चालवून बघायचं आणि मग 'प्रायोगिक' अशी पाटी लावून लोकांसाठी ठेवून द्यायचं. पैसा एक नाही. मी एकदा विचारलं, "मग करता कशाला?" तर म्हणाले, "भाऊ, कुणीतरी आधी फुगवून बघायला नको का?"

त्या 'प्रायोगिक' पाटीखाली ते जी सूचना लिहितात ती पॅकेजपेक्षा मोठी असते. मला त्यांनी ती मराठीतून समजावली होती, ती अशी: हे प्रायोगिक आहे. कामाच्या कंप्युटरवर टाकू नका. टाकायचंच असेल तर आधी सगळ्याची प्रत काढून ठेवा. काढलेली प्रत उघडते का ते बघा. उघडली तरी शक्यतो टाकू नका. हे वाचून एखाद्यानं घाबरून कंप्युटरच बंद केला तर साडूंना खरं समाधान वाटेल. ही सवय पुढं घरभर पसरली. आमच्याकडे कोळंबीच्या लोणच्याची बरणी आली तीवर चिठ्ठी होती: 'प्रायोगिक. रिकाम्या पोटी खाऊ नये. काही वाटल्यास कळवावे.' लोणचं फक्कड होतं. आम्ही दोन दिवसांत बरणी चाटूनपुसून साफ केली आणि कळवायचं अर्थातच विसरलो. तिसऱ्या दिवशी शाळेत पाचवा तास चालू असताना फोन. "भाऊ, तुम्ही सगळे बरे आहात ना? काहीच कळवलं नाहीत."

त्यांच्याकडे तीन जुने लॅपटॉप आहेत आणि तिघांना माशांची नावं आहेत. सुरमई शहाणी, तिच्यावर फक्त पक्का झालेला, सगळ्या परीक्षा पास झालेला माल. हलवा मधला. आणि बोंबील नावाप्रमाणे किडकिडीत. त्याचा एक कान, म्हणजे झाकणाची एक बिजागरी, तुटलेला आहे, आणि सगळे प्रयोग त्याच्यावर. "आज बोंबील उठलाच नाही," असं ते फोनवर म्हणाले की समोरच्यानं घाबरायचं नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र प्रयोग मंजूर नाही. तलासरीला यायचं तर हायवेची पहिली बस ते कायम सोडून देतात. पहिल्या गाडीवरून ड्रायव्हर, ब्रेक आणि रस्ता तिन्हीचा अंदाज येतो, दुसरीनं जावं, हे त्यांचं शास्त्र. आता सकाळी त्यांच्या वाट्याला येणारी ती दुसरी गाडी लांबून रात्रभर धावत आलेली असते, हे मी त्यांना सांगून बघितलंय. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे ड्रायव्हर झोपलेला नाय! बरं झालं सांगितलंत," आणि तेव्हापासून ते तिसरीनं येतात.

पण साडूंच्या काळजीचा खरा कळस म्हणजे तक्रार. त्यांची पॅकेजं वापरणारे लोक कुठल्या कुठल्या देशांत बसलेले. तिकडून कुणी 'चालत नाही' एवढं जरी लिहिलं तरी साडूंचा घास हातात राहतो. ताट तसंच सोडून ते बोंबलाकडे धावतात. मेहुणी चिडते, आणि तिचं बरोबर आहे. मात्र त्याहून वाईट म्हणजे तक्रार न येणं. आठ दिवस कुणी काही लिहिलं नाही की त्यांचा चेहरा उतरतो. "एक तर सगळं नीट चाललंय," ते बोट दुमडून सांगतात, "नायतर इतकं बिघडलंय की लिहायलापण कंप्युटर उरला नाय." मी हसतो, पण खरं सांगायचं तर मला त्यांचं कौतुकच वाटतं. ज्याचं तोंडही बघितलं नाही अशा माणसाचा दिवस आपल्या हातून बिघडू नये म्हणून जेवण सोडणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, यातलं काहीही पटत नसे. बाबांची उभी हयात समुद्रावर गेलेली. आता वय झालं म्हणून लांब जात नाहीत. छोट्या होडीतून एकटेच खडकांपलीकडे जाळं टाकून येतात. वाढवणच्या त्या खडकांच्या पट्ट्यातून आत यायला एकच वाट, आणि तिच्यावर पुरेसं पाणी चढतं ते फक्त भरतीला. म्हणून तिथं भरतीची वेळ ठाऊक असणं म्हणजे घरी परतणं. आणि ती वेळ काढायची बाबांची रीत सगळ्या किनाऱ्याची: तिथीची पाऊणपट करायची, आपल्या बाजूला पाणी जरा उशिरा येतं म्हणून वर अर्धा तास धरायचा. लग्नानंतर पहिल्याच भेटीत त्यांनी मला परीक्षेला बसवलं होतं. "मास्तर, आज अष्टमी. पाणी कवा भरेल?" आठाची पाऊणपट सहा, वर अर्धा तास. मी साडेसहा म्हणालो आणि पास झालो. साडू जेव्हा परीक्षेला बसले तेव्हा म्हणाले, "बघून सांगतो." ते बाबा विसरले नाहीत. पुढं साडू भरती-ओहोटी सांगणारा एक प्रोग्रॅम बांधायला लागले तेव्हा बाबा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "डाणूचे जावई पेटीतून पाणी काढतात. काढूं दे."

असे बाबा मागच्या वर्षी एकदा जेवता जेवता, मान वर न करता म्हणाले, "ते भरतीचं तुमचं... एक कागद काढून द्याल काय महिन्याचा? मोठ्या अक्षरात." मेहुणीच्या हातातला डाव भातातच राहिला. घरी जाऊन साडूंनी सुरमईवरून, पक्क्या झालेल्या प्रोग्रॅममधून कागद काढला, तीन दिवस त्याची वेळ समुद्राशी ताडून बघितली आणि मग नेऊन दिला. बाबांनी तो दाराशेजारी चिकटवला. तेव्हापासून दर महिन्याला एक कागद. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्यानं अखेर जावयाला मान दिला. मला थोडा हेवाही वाटला, लपवत नाही.

आणि मग तो रविवार आला. मी सकाळी सरावलीला चहा घेत बसलो होतो. नवीन महिन्याचा कागद साडू आदल्या संध्याकाळीच वाढवणला देऊन आले होते. अक्षरं पुरेशी मोठी आहेत का, शाई पुसते का, डिंक भिंत धरतो का, सगळं कसं तपासून नेलं याचं रसभरित वर्णन चाललं होतं. दहाच्या सुमाराला त्यांनी सहज तक्रारींची पेटी उघडली आणि त्यांची बशी कलंडली. दूरच्या कुठल्याशा बंदरातल्या माणसानं लिहिलं होतं की, तुमच्या नव्या प्रायोगिक पॅकेजमध्ये आमच्या गावची भरती सात तास चुकते, प्रोग्रॅम आमचं घड्याळ सोडून विलायतेचं घड्याळ धरून बसलाय का? साडू माझ्याकडे वळले. मग अगदी हळू म्हणाले, "भाऊ, प्रिंटरची वायर सुरमईपर्यंत पोचत नव्हती. मी कागद बोंबलावरून काढला."

मला क्षणभर काही कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. विलायतेचं घड्याळ आपल्यामागं साडेपाच तास. आणि भरती ते ओहोटी यांत अंतर असतं साधारण सहा तासांचं. म्हणजे भिंतीवरच्या त्या कागदात जिथं जिथं भरती लिहिली होती, तिथं तिथं प्रत्यक्षात ओहोटी होती, बाबांच्या शब्दात सुकती. मी बोटं मोजली. त्या दिवशी षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार, वर अर्धा तास, पाणी भरणार संध्याकाळी पाचला. कागद सांगत होता साडेअकराला. साडेअकराला त्या वाटेवर खडकांची टोकं वर आलेली असणार. साडूंनी फोन लावला. बाबा फोन पिशवीत गुंडाळून घरीच ठेवून जातात. तो सासूबाईंनी उचलला. "ते गेले ना पहाटेच," त्या म्हणाल्या.

सरावलीपासून वाढवणपर्यंत साडू स्कूटर चालवत होते आणि मी मागं बसलो होतो. ज्या माणसानं आयुष्यात निघताना ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय गाडी हलवली नाही, त्यानं त्या दिवशी एकदाही दाबला नाही. हे मला डहाणूच्या खाडीचा पूल मागं पडल्यावर लक्षात आलं आणि मग मला भीती वाटायला लागली. तोपर्यंत मी मनात म्हणत होतो की, बाबांसारखा माणूस कशाला कागद बघतोय, त्यांच्या बोटांवर तिथी असते. हे मी साडूंच्या कानात ओरडूनही सांगितलं. त्यांनी स्कूटर आणखी पळवली.

सासूबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. साडूंनी उभ्या उभ्या विचारलं, "आई, बाबा कागद बघून गेले काय?" त्यांनी हातातला बोंबील दोरीवर टाकला. मग म्हणाल्या, "आता कागद बघूनच जातात. तिथी राहात नाय त्यांच्या डोक्यात. परवा चतुर्थी, हे तृतीया म्हणून बसलेले. कॅलेंडरातला दिसत नाय, नि कुणाला विचारायला लाज वाटते. म्हणून तर कागद मागितला तुमच्याकडं." साडू उंबऱ्यावर बसले. दाराशेजारी तो कागद होता, भल्या मोठ्या अक्षरात, चारी कोपरे नीट चिकटवलेला, शेजारी गावात होऊ घातलेल्या बंदराविरुद्धच्या सभेची सूचना. आम्ही ज्याला मान समजत होतो ती म्हाताऱ्याची अडचण होती, आणि ती आम्हा दोघा शिकलेल्यांच्या लक्षात आली नव्हती. मला स्वतःचा राग आला.

किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी मागं गेलेलं, खडक उघडे, शेवाळावर ऊन. आणि खडकांच्या बरोबर पलीकडे बाबांची होडी. अजिबात पुढं सरकत नव्हती. "आदळली," साडू म्हणाले. मग म्हणाले, "भाऊ, मी पोहत जातो." त्यांना पोहता येत नाही. मी त्यांचा शर्ट धरून ठेवला. मागून सासूबाई आल्या, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नांगर टाकलाय. झुलते बघा. अडकलेली होडी झुलत नाय." ती झुलत होती, मलाही दिसलं, पण साडूंना दिसेना. ते दर पाच मिनिटांनी मला विचारत, "झुलते ना?" आणि मी दर पाच मिनिटांनी सांगत असे, झुलते. होडी आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात किती खडक बुडालेले आहेत ते बाबांनाच ठाऊक, वारा बदलला तर नांगर धरेल की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या होड्या सगळ्या लांब गेलेल्या. होडीत उभी राहिलेली एक बारीक आकृती अधूनमधून दिसायची आणि पुन्हा बसायची. सासूबाईंनी भाकरी आणि सुकटाची चटणी आणून दिली. मी खाल्ली, कारण मला काळजीत भूक लागते. साडूंनी भाकरी हातात धरली आणि चार वाजेपर्यंत ती तशीच त्यांच्या हातात होती.

चारला पाण्यानं ती वाट झाकली आणि बाबा, जणू काही झालंच नाही असे, आत आले. आम्ही गुडघाभर पाण्यात जाऊन होडी धरली. उन्हानं चेहरा काळवंडलेला, ओठ सुकलेले. "तुम्ही दोघं कशाला? जेवलात काय?" एवढंच विचारून ते जाळं आवरायला लागले. आमच्याकडे बघत नव्हते. मग जाळ्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पहाटे सवयीनं निघालो तर पाणी भरलेला. कागदात बघितला होता, तर सुकती लिवलेली. मी आपली षष्ठी धरलेली मनात. म्हटलं, गेला आता डोका, नि डोळेपण. नायतर कागद कसा चुकेल? पेटीला काय म्हातारपण येतंय? कागद धरून साडेअकराला आलो तर सगळे खडक वर. दिवसभर बसून तिथ्याच मोजल्या. जुळेचना."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. साडू गेले नाहीत. ते बाबांच्या समोर जाऊन उभे राहिले, हातात भाकरी, आणि म्हणाले, "बाबा, कागद चुकला. माझ्याकडून चुकला. मी कच्च्या प्रोग्रॅमवरून काढला. तुमची तिथी बरोबर होती."

बाबांचे हात थांबले. "म्हणजे आज षष्ठी?"

"षष्ठी."

"नक्की? बघितलात?"

"तीनदा बघितलं बाबा. षष्ठीच."

आम्ही बोलणी खायला तयार होतो. बाबा हसायला लागले. इतके हसले की जाळ्यावर बसले. मग वळून सासूबाईंना हाक दिली, "ऐकलास काय गो? षष्ठीच होती! पेटी चुकली, मी नाय!" सासूबाई रागानं लाल. माणूस दिवसभर उन्हात करपला आणि हसतोय काय, जावयानं कागद चुकीचा दिला आणि त्याला माशाचा वाटा कसला देतोय! कारण बाबांनी जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा काढून साडूंच्या रिकाम्या हातात दिला होता. एका हातात भाकरी, एका हातात निसटणारा मासा, असे साडू पाण्यात उभे राहून रडत होते, आणि त्यांना डोळे पुसता येत नव्हते. माझे मी पुसले.

त्या दिवसानंतर साडूंनी प्रिंटरला लांब वायर घेतली. रोज सकाळी कारखान्यात जाण्यापूर्वी ते बाबांना फोन करतात. "बाबा, चाचणी चालू आहे, आजची तिथी सांगा, म्हणजे प्रोग्रॅम तपासून बघतो." बाबा भिंतीजवळ उभे राहून, बोटं मोजून, तिथी आणि पाण्याची वेळ सांगतात, आणि कागदाशी जुळली नाही की साडूंना झापतात. बाबांना वाटतं, जगभरची माणसं त्यांच्या तपासणीवर अवलंबून आहेत. गावात सांगतातसुद्धा तसं. या पावसाळ्यानंतर होडी पुन्हा पाण्यात गेलेली नाही. वर ओढून, प्लास्टिक घालून ठेवली आहे. कागद मात्र दर महिन्याला लागतो.

परवा साडू तलासरीला आले होते, तिसऱ्या बसनं. चहा झाल्यावर मी सहज विचारलं, बाबांची चाचणी कशी चाललीय. ते कप फिरवायला लागले. मग म्हणाले, "या आठवड्यात चार वेळा चुकले."

"मग तुम्ही काय सांगता त्यांना?"

जो माणूस परक्या देशातल्या परक्या माणसाची तक्रारसुद्धा डोळ्याआड करू शकत नाही, त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "सांगतो, बरोबर आहे तुमचं बाबा. कागद चुकलाय. दुरुस्त करतो."